माळ्याची किल्ली नंदनवनात

त्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं फोन उघडला. वहिनींची पाठ आली होती. म्हणजे फोटो. कुसुमवहिनी जास्वंदीला पाणी घालताहेत, एका हातात पाइप, पदर कमरेला खोचलेला, फोटो तिरपा आणि कोपऱ्यात माझ्या मोठ्या भावाचा, वसंतदादाचा अंगठा. रोजच्यासारखाच. आज तर अंगठ्यानं अर्धी जास्वंद खाल्ली होती. म्हटलं, दुपारी फोन करून चांगलं चिडवते याला. चहा कपात ओततच होते तर कोराडीहून सुधाकरचा फोन. सुधाकर आमचा धाकटा. म्हणाला, “ताई... आपला दादा गेला.” मी चक्क म्हटलं, “कुठी गेला? आत्ता तं फोटो काढला त्यानं.” माझ्या डोक्यात शिरलंच नाही. जो माणूस एवढ्यात फोटो काढतो तो कसा जाईल? पण तसंच झालं होतं. फोटो काढून दादा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला, वहिनींना चहा टाकायला सांगितलं, आणि वहिनी कप घेऊन आल्या तेव्हा... कप तसाच राहिला. दुखणं नाही, दवाखाना नाही, कोणाला हाक नाही. पंच्याहत्तरीला आलेला माणूस सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या गेला. येणारे जाणारे सगळे म्हणाले, सोनं झालं. मला तेव्हा त्या शब्दाचा राग आला होता. आता येत नाही.

मी काही लेख लिहिणारी बाई नाही. नागपुरात, प्रताप नगरात माझं ब्लाऊज शिवायचं काम आहे, आणि मापाच्या आकड्यांपलीकडे मी गेल्या कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही. पण दादाला जाऊन आता काही आठवडे झालेत, रडून झालंय, आणि आता त्याची आठवण आली की मला हसूच येतं. हसता हसता लिहून टाकावं म्हटलं. आता तुम्ही विचाराल, भावानं काढलेला त्याच्या बायकोचा फोटो रोज सकाळी बहिणीच्या फोनमध्ये कशाला येतो? तर तीच तर सगळी गंमत आहे.

आमचं घर मूळचं विणकरांचं. आजोबा उमरेडहून नागपुरात आले आणि बाबांनी हातमागावर लुगडी विणली. माग घराच्या पुढच्या खोलीत होता आणि आम्ही भावंडं त्याच्या खटखटीत अभ्यास करायचो, झोपायचो, भांडायचो. त्या कामात एक रीत असते. लुगडी विणता विणता मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा, संपत आला की माग कधी पुरता रिकामा करायचा नाही. जुन्या ताण्याची वीतभर टोकं मागाच्या फणीत, सुतं ओवायच्या त्या कंगव्यात, तशीच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्या एकेका टोकाला पिळून जोडायचं. टोकं काढून टाकली तर सगळं पहिल्यापासून ओवत बसा. हे जोडायचं काम दादाचं. तेरा-चौदा वर्षांचा असेल, पण बोटं अशी चालायची की बाबासुद्धा बिडी बाजूला ठेवून बघत राहायचे. पुढे दादा टपाल खात्यात पत्रं छाटायच्या कामाला लागला, बाबा थकले, माग गेला. तो जाताना दादानं त्याची फणी काढून घेतली, टोकांसकट. नागपुरातच, नंदनवन वस्तीत घर बांधलं तेव्हा पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर ती टांगली. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं काहीतरी शोभेचं असेल. त्या जांभळ्या सुतांवरची धूळ मात्र तो स्वतःच झटकायचा, वहिनींना हात लावू देत नसे.

दादाकडे पहिला कॅमेऱ्याचा फोन आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो कूलरमध्ये पडला. कूलरमध्ये पाणी भरायला वाकला, आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन टाकीत. त्यात आईचा शेवटच्या दिवाळीचा फोटो होता. नवीन लुगडं नेसून करंज्यांच्या ताटापुढे बसलेली आई. आम्हा कोणाकडेच दुसरी प्रत नव्हती. दादानं फोन उघडून उन्हात ठेवला, तांदळात पुरला, दुकानं पालथी घातली, काही झालं नाही. फोन गेल्याचं काही नाही वं, मला म्हणाला, पण आई दोनदा गेली. मी दादाला रडताना क्वचित पाहिलंय, त्या दिवशी पाहिलं. त्याची मुलगी पल्लवी तेव्हा बंगळूरला नोकरीला लागली होती. ती सुट्टीत आली, नवा फोन घेऊन आली आणि त्याला क्लाउड समजावलं. बाबा, तुम्ही फोटो काढला की त्याची प्रत आपोआप वर जाते, आता फोन विहिरीत पडला तरी चालते. दादानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे माळ्यावर ठेवल्यासारखं?” पल्लवी म्हणाली हो, तसंच समजा. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात क्लाउडचं नाव माळा.

आता शहाण्या माणसानं आपलं खातं उघडलं असतं, आपले फोटो ठेवले असते आणि गप्प बसला असता. पण दादा घरातला थोरला. आईचा फोटो गेल्याची धास्ती अशी बसली होती की पुढच्याच रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना नंदनवनात जेवायला बोलावलं. गोळाभात होता, सांबारवडी होती. खाऊन सुस्त झालो तसे त्यानं सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि प्रत्येक फोनमध्ये एकच खातं घातलं. त्याचं स्वतःचं! पल्लवीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच, “बाबा, प्रत्येकाचं वेगळं खातं असते!” दादा शांतपणे म्हणाला, “कायले? घर एक, माळा एक.” आम्ही तिघं तीन टोकांना, तो नंदनवनात, मी प्रताप नगरात, सुधाकर कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत. वर्षाकाठी चार वेळा भेट झाली तर डोक्यावरून पाणी. पण माळ्यावर आम्ही पुन्हा एकत्र कुटुंब झालो, कोणाला न विचारता.

आणि एकत्र कुटुंबात जे जे होतं ते ते सगळं झालं. माझ्या शिवलेल्या ब्लाऊजांचे फोटो, गळे, गोंडे, पाठीवरच्या गाठी, सगळे सुधाकरच्या फोनमध्ये. तो वैतागून म्हणे, ताई, ऑफिसात फोन उघडला की बायांच्या पाठीच पाठी, साहेब काय समजत असन? पल्लवीनं केस कापले ते तिनं आईला सांगायच्या आधी आम्हाला दिसले. आणि एकदा श्रावणातल्या शनिवारी, सुधाकर घरी डबल ड्युटी सांगून गेला होता, तर दुपारी माळ्यावर फोटो आला. लालभडक रस्स्याचं ताट, त्यात मटण, आणि ताटाच्या पलीकडे सुधाकरचं घड्याळ. त्याच्या बायकोनं पाहिला, मी पाहिला, दादानं पाहिला. संध्याकाळी सुधाकरनं तावातावानं दादाला फोन केला, मला माझं वेगळं खातं पाहिजे, हे काय जगणं आहे! दादानं विचारलं, “वाटणी मांगून राहिला का गा?” आमच्या घरात बाबांच्या मागे कधी वाटणी झालेली नाही. सुधाकरनं वेगळ्या खात्याचा विषय सोडला. पण त्यानंतर श्रावण मात्र कडक पाळला, अजूनही पाळतो.

सगळ्यात मजेशीर गोष्ट वहिनींच्या फोटोंची. कुसुमवहिनींना फोटोचा भारी तिटकारा. समोर कोणी फोन धरला की हात आडवा, नाहीतर पदर तोंडावर, “मी काय फोटोत घ्यायसारखी आहो?” लग्नाचा एक सोडला तर दादाकडे त्यांचा धड फोटो नव्हता. मग त्यानं युक्ती काढली, मागून काढायचा. फोटो काढताना होणारा फोनचा आवाज त्यानं बंद करून घेतला होता. भाजी निवडताना, गच्चीवर पापड घालताना, तुळशीपुढे वाकलेल्या, शेजारणीशी कुंपणावरून बोलताना, आणि रोज सकाळी जास्वंदीपाशी. वहिनींना पत्ता नाही. त्यांच्याकडे आपला साधा बटणांचा फोन, दादाच्या फोनला त्यांनी कधी हात लावला नाही. आणि दादाच्या लक्षातच राहायचं नाही की माळा सगळ्यांचा आहे. त्याला वाटे आपलं गुपचूप चाललंय! चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा बायकोचे चोरून फोटो काढतो आणि सारं खानदान सकाळच्या चहाबरोबर ते पाहतं... फक्त बायको सोडून. मी एकदा चिडवलं, काय दादा, आज वहिनीची वेणी मस्त आली. तो लाजला, खरंच लाजला. मग म्हणाला, “तिले नको सांगू वं. समजलं तं पाठही लपवन.”

आता किल्लीचं सांगते. खातं दादाच्या नंबरवर, त्यामुळे कोणी नवा फोन घेतला, नाहीतर जुना बिघडून पुन्हा चालू झाला, की माळ्यावर चढायला कोड लागे आणि तो कोड दादाच्या फोनवर जाई. आमच्यासारख्या घरात कोणाचा ना कोणाचा फोन कायम आजारी. मग नंदनवनात फोन करा. दुसऱ्या कोणाच्या घरी हे काम अर्ध्या मिनिटाचं असेल. दादाकडे? तो फोन उचलायचा, कोड त्याच्यासमोर आलेला असायचा, आणि विचारायचा, “जेवली का वं?” मी म्हणायची, हो, कोड सांग. “काय केलं होतं?” भाजी. “भाजी कायची? भाजीले नाव नसते का?” दोडक्याची दादा, कोड सांग ना, गिऱ्हाईक बसून आहे! मग माझे गुडघे, आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर, समोरच्या घरातलं भाडेकरूंचं भांडण, सगळं एकेक करून काढायचा. तोवर कोड बाद. मी चिडून ओरडले की त्याचं ठरलेलं उत्तर, “मांगव ना दुसरा. मी कुठी चाललो?” मला वर्षानुवर्षं वाटायचं म्हातारपण आहे, लक्षात राहत नाही. एकदा सुधाकरशी बोलताना कळलं, त्याच्याशी तसंच, पल्लवीशीही तसंच. तीन-तीन कोड बाद केल्याशिवाय तो कोणाला माळ्यावर चढू देत नसे. नुसतं बोलायला आम्ही कोणी फोन करत नव्हतो ना... मग हाच त्याचा टोलनाका. समजल्यावर मी कोड मागायच्या आधी पाटावर बसूनच फोन करायला लागले, चहा बाजूला घेऊन.

आणि नवा फोन घेतला असला, माणूस नागपुरातच असला, तर त्याला फोनवर कोड मिळतच नसे. जुना आणि नवा, दोन्ही फोन घेऊन नंदनवनात हजर व्हायचं. दादा ते दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवी, नव्यात खातं घाली आणि सगळे फोटो उतरेपर्यंत जुना बंद करू देत नसे. घाई केली की मान वर करून फणीकडे बघायचा. जुनी टोकं आधी नव्याले बांधू दे, मग तोड. फोटो सावकाश उतरत आणि तोवर वहिनींचा स्वयंपाक होई. जेवल्याशिवाय त्या घरातून कोणाचा फोन कधी चालू होऊन बाहेर पडलेला नाही.

एकदा मात्र आभाळ कोसळलं. सुधाकरचा फोन भरला. त्याच्या कोण्या मित्रानं सांगितलं जुने फोटो पुसून टाक, आणि या पठ्ठ्यानं विचार केला, दादाकडे नंदनवनात तर सगळं आहेच. पुसले. त्याचे, माझे, दादाचे, सगळे! माझ्यापुढे तेव्हा एक बाई लग्नाच्या ब्लाऊजची नक्षी निवडायला बसली होती आणि तिच्या डोळ्यांदेखत माझी सारी डिझाइनं एकेक करून गायब व्हायला लागली. मी सुधाकरला फोन करून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला बिचाऱ्याला कळेचना. अगं मी माझ्या फोनमधलेच पुसले! रडकुंडीला येऊन तो कोराडीहून बस धरून नंदनवनात पोचला, मी इकडून गेले. वाटलं, दादा आज हात उचलणार. दादा चष्मा लावून टेबलाशी बसला होता. पल्लवी फोनवर, आणि तिनं सांगितल्यावर त्याला सापडलं की माळ्यालाही कचरापेटी असते आणि ती काही दिवस तशीच ठेवतात. तिथे सगळं होतं. मूठ मूठ फोटो परत आणत दादा अख्खी दुपार बसला. आईचा नाही, तो आधीच गेला होता, पण बाकी सगळे आले. सगळं झाल्यावर सुधाकरला जवळ बसवलं. “आपन एका ताटात जेवून राहिलो गा. तू उष्टं म्हनून टाकलं तं सगळ्यायच्या पुढचं गेलं. ताट एकच आहे, दुसरं वाढून ठेवलेलं नाही.” इतकंच. पाठीवर थाप मारली आणि जेवायला वाढ म्हणाला.

पण दादा त्यातून शिकला. माळा असला तरी घराबाहेर एक टोक पाहिजे, म्हणाला. पल्लवीकडून एक हार्डडिस्क मागवली. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीला, विणकरांच्या घरी अवजारं पुजतात त्या दिवशी, दादा माळ्यावरचं सगळं त्या डब्बीत उतरवून घेई. पाटावर फणी, शेजारी ती काळी डब्बी, दोघींना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मग ती रुमालात बांधून प्रताप नगरला माझ्याकडे आणून देई. नंदनवनाचं घर पडलं तरी प्रताप नगराचं उभं राहीन, असा हिशोब. ती माझ्या शिलाई मशीनच्या खणात असते. त्यावरचं कुंकू मी कधी पुसलं नाही.

दादा गेला आणि त्याचा फोन घरात वाजत राहिला. ज्यांना बातमी नव्हती त्यांचे फोन, रिचार्जचे, बँकेचे, आणि माळ्यावर कोणी काही टाकलं की टुंग. वहिनी प्रत्येक वेळी दचकायच्या आणि व्हरांड्यातल्या खुर्चीकडे बघायच्या. तेरवी झाली त्या दुपारी आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. फोन पुन्हा वाजला आणि वहिनी एकदम म्हणाल्या, “सुधाकरभाऊजी, यायचा हा फोन बंद करून टाका. ते कार्डही मोडून टाका. मले नाही आयकवत.” सुधाकर लगेच उठला. त्यानं डोळे पुसले आणि फोन हातात घेतला. वहिनीला त्रास होतोय तर बंदच केलेला बरा, त्याचं काही चुकत नव्हतं. पल्लवीनं त्याला थांबवलं. नंबर गेला तर कोड येणार नाही, आज ज्याच्या त्याच्या फोनमध्ये माळा उघडा आहे तोवर ठीक, पण एकेक फोन बिघडत जाईल तसतसा एकेकाचा दरवाजा बंद होईल. आईला नको असेल तर मी आत्ताच खात्यावर माझा नंबर घालते, त्यालाही एक कोड लागेल, तेवढा येऊ द्या आणि मग मोडा, ती म्हणाली. पोरीचंही बरोबरच. किल्ली बंगळूरला गेली असती, कोड अर्ध्या मिनिटात मिळाला असता, जेवली का म्हणून कोणी विचारलं नसतं. माझा स्वतःचा फोन तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता, पडदा मधूनच काळा व्हायचा. पण मी मधे पडले ते त्यासाठी नाही. ज्यांच्यासाठी हा फोन बंद करायचं चाललं होतं, त्यांनीच तो कधी उघडून पाहिला नव्हता. मी म्हटलं, “थांबा सगळे. आधी वहिनीले दाखवू, मग त्या म्हनतीन तसं.”

मी वहिनींच्या शेजारी चटईवर बसले आणि दादाचा फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. शेवटचा फोटो आधी काढला, जास्वंदीचा. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “ही कोन?” म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच. मग मागचा, त्याच्या मागचा, त्याच्या मागचा... सकाळ, सकाळ, सकाळ. गच्चीवरची, पापडांची, तुळशीची. वहिनींचा हात तोंडावर गेला. वाटलं, आता रडतील. तर बाई कडाडल्याच, “माय वं! हा पदर तं फाटला होता! अन् तुम्ही सगळे पाहून राहिले होते? सुधाकरभाऊजी, तुम्ही पन?” सुधाकर मान खाली घालून, “रोज वहिनी.” खोलीत जे हसू फुटलं ना... तेरवीच्या घरात! शेजारीण दारातून डोकावली. वहिनी हसत होत्या, रडत होत्या, पदरानं नाक पुसत होत्या, आणि दादाला तोंड भरून शिव्या घालत होत्या. “चोरटा मानूस! सांगितलं असतं तं जरा बरी साडी नेसली असती.” मग त्यांचं बोट हळूहळू फोनवर चालायला लागलं, आमच्या मदतीशिवाय. फोटोवर तारीख असते, पण वहिनींनी तिकडे पाहिलंच नाही. त्या ब्लाऊजांवरून ओळखत होत्या. “हे तुम्ही पल्लवीच्या साखरपुड्याले शिवलं होतं, मंगलबाई. हे मी दोन दिवाळ्या घातलं होतं. या निळ्याची बाही घट्ट झाली होती, मी तुमाले कधी सांगितलं नाही.” उन्हं उतरली, चहा झाला, वहिनींनी फोन खाली ठेवला नाही. एका पाठमोऱ्या बाईवर एका माणसानं किती माया केली ते तिला एका दुपारी दिसलं. मला तर हेवा वाटला, खरं सांगते.

सुधाकरनं हळूच विचारलं, “मग वहिनी, बंद करू?” वहिनींनी फोन पदरात घेतला. “काहून? किल्ली या घरची आहे. इथंच राहीन.” मग वर फणीकडे पाहून म्हणाल्या, “टोकं ठेवूनच जोडतेत ना?” झालं, विषय संपला. पुढच्या आठवड्यात पल्लवी त्यांना घेऊन मोबाइलच्या ऑफिसात गेली, कागदपत्रं देऊन नंबर वहिनींच्या नावावर झाला. खात्यावर पल्लवीनं दुसरा म्हणून स्वतःचाही नंबर घातला, घराबाहेरचं टोक. पण आमचं घरात ठरलं की तो अडीअडचणीला, कोणी तिला कोड मागायचा नाही. दादाचा फोन आता टीव्हीशेजारी फणीच्या खाली चार्जिंगला लावलेला असतो. वहिनी सकाळी जास्वंदीला पाणी घालून आल्या की चष्मा लावून तो उघडतात आणि आमच्या घरी रात्री काय शिजलं होतं ते पाहतात.

परवा माझा फोन शेवटी मेलाच. नवीन घेतला. जुना इतका मेला होता की शेजारी ठेवून जोडण्यातही अर्थ नव्हता, आणि लगीनसराईचं काम अंगावर, नंदनवनात जायला वेळ कुठला? दुकानातच बसून खातं घातलं, कोड गेला आणि मी आमच्या ह्यांच्या फोनवरून दादाच्या नंबरला फोन लावला. समोर दुकानदार, मागे चार गिऱ्हाइकं. बराच वेळ घंटी वाजली. आजवर त्या नंबरवर मला दुसरा आवाज आलेला नव्हता. मग वहिनींचा आवाज आला. “हॅलो... कोन?” मी म्हटलं, वहिनी, मी मंगल, कोड आला का हो? “आला ना. हे काय, दिसून राहिला.” मग सांगा पटकन. पलीकडून वहिनींनी विचारलं, “जेवल्या का?”

मी म्हटलं, हो जेवले. “काय केलं होतं?” वांग्याची भाजी. “भरली का साधी?” दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल ओढलं आणि बसले. साधी वहिनी, वेळ कुठं आहे भरायला. मग माझे गुडघे झाले, सुधाकरच्या मुलीची परीक्षा झाली, जास्वंदीला मावा लागलाय ते झालं. माझ्या लक्षात आलं तेव्हा म्हटलं, “वहिनी, तो कोड बाद झाला असन आता.”

“मंग मांगवा ना दुसरा,” वहिनी म्हणाल्या. “मी कुठी चालली?”

मी दुसरा मागवला.